बाबांनी सोडलेले मासे

त्या वर्षांत खांद्याला पिशवी लावून कुठल्याही गावात शिरलं की पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "कोनाच्या घरी आल्या?" कपाशीच्या त्या वाईट काळात आमच्या जिल्ह्यात पाहणी करणाऱ्यांची इतकी रीघ लागली होती, की अनोळखी माणूस म्हणजे कुणाच्या तरी मरणाची चौकशी करायला आलेला, असं लोक धरूनच चालत. मी म्हणायची, "कोणाच्या घरी नाही, तलाव पाहायला आले." आर्णीकडच्या एका गावात एका बाईनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "तलावाले काय झालं वं माय? तलाव तं तिथंच हाये." तिच्या बोलण्यात राग नव्हता. माणसं अशी पटापट जात असताना कुणी पाण्याची तब्येत कशाला बघत फिरेल, हे तिला खरोखर कळत नव्हतं. मलाही तिला नीट सांगता आलं नाही.

मी तेव्हा पुसदला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. लहान तलावांच्या पाहणीचं काम माझ्याकडे आलं ते दुसऱ्या कुणाला नको होतं म्हणून. मोठ्या धरणांकडे सगळ्यांचं लक्ष असतं. गावतलाव, पाझर तलाव यांच्याकडे कोण बघतो? पण ते उथळ असतात. ऊन वाढलं की आधी तेच तापतात, पाऊस लांबला की आधी तेच आटतात, आणि एकदम कोसळला की शेतातली सगळी माती आधी त्यांच्याच पोटात जाते. हवामान बदलतंय म्हणतात त्याचं पहिलं दुखणं तिथं दिसतं. आर्णीपासून उमरखेडपर्यंतचे काही तलाव मी निवडले होते. पावसाळा सरल्यावर, हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात अशा फेऱ्या करायच्या. पांढरी-काळी तबकडी दोरीनं पाण्यात सोडायची आणि ती किती खोलवर दिसते ते पाहायचं. पाणी किती तापलंय, त्यात प्राणवायू किती उरलाय, ते मोजायचं. काठानं जाळी फिरवून कोण कोण सापडतं ते बघायचं. शेवटी तळाचा गाळ उपसून परातीत धुवायचा.

माझ्या स्कूटीवर मागे बाबा बसायचे.

बाबा हिवताप विभागातून निवृत्त झाले होते. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी सायकलवर काढली. घरोघर जाऊन तापाच्या माणसाच्या बोटाला सुई टोचायची, काचेवर रक्ताचा थेंब घ्यायचा, गोळ्या द्यायच्या, आणि डबकी, विहिरी, तलाव जिथं डास होतील तिथं गप्पी मासे सोडायचे. निवृत्तीनंतर ते घरात मावत नव्हते. आई म्हणायची, "यांना कुठं तरी घेऊन जा गं, दिवसभर नळ उघडतात आन् बंद करतात." मी तलावांचं काम घेतलं हे ऐकल्यावर त्यांनी आदल्या दिवशीच चपला पुसून ठेवल्या. म्हणाले, "तुले रस्ते कुठं ठाऊक हायेत? मी येतो."

आणि खरंच, त्यांना सगळे रस्ते ठाऊक होते. कुठल्या तलावाला कुठून उतरायचं, कुठे गाळात पाय जातो, सगळं. प्रत्येक तलावाशी पोहोचलो की ते आधी काठाशी जाऊन उकिडवे बसायचे आणि पाण्यात बघायचे. मग वळून हाक मारायचे, "हायेत! पाह्य, अजून हायेत!" पाण्याच्या वरच्या थरात त्या इवल्या माशांची झुंड वळवळत असायची. माद्या करड्या, पोटाशी काळा डाग. नर त्यांच्याहून बारीक, रंगीत शेपटीचे. "माह्या हातचे हायेत हे," बाबा म्हणायचे. ते मासे कितव्या पिढीचे असतील याचा हिशेब त्यांनी कधी केला नाही.

त्यातला एक तलाव त्यांच्या जन्मगावचा होता, उमरखेडच्या रस्त्यापासून आत. त्याच्याबद्दल सांगायलाच हवं. बाबांच्या लहानपणी त्या तलावाच्या घाटावर आमच्या लोकांना पाणी भरता येत नव्हतं. खाली सांडव्याच्या ओहोळात वाळू उकरून झिरा करायचा आणि त्यातून वाटी-वाटीनं घागर भरायची. आजी भरायची, तिच्या मांडीवर बसलेले बाबा वाटी धरायचे. पुढं आजोबांनी आणि वस्तीनं धम्म स्वीकारला, बाबा शिकले, नोकरीला लागले. आणि एके वर्षी गावात तापाची साथ आली तेव्हा सरकारचा माणूस म्हणून त्याच घाटावर ते खाकी कपड्यात उतरले. हातात भोकं पाडलेल्या झाकणाचा ॲल्युमिनियमचा डबा. गावातली मोठी माणसं मागे उभी. पाटलांनी डबा धरला आणि बाबांनी ओंजळीनं मासे पाण्यात सोडले. आजी वरच्या बांधावरून बघत होती. हा प्रसंग मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकला होता, की तो मी पाहिलाय असंच मला वाटायचं. सांगताना बाबा शेवटी नेहमी म्हणायचे, "त्या साली ताप थांबला." तो फवारणीनं थांबला असेल, गोळ्यांनी थांबला असेल. त्यांच्या मनात तो माशांनी थांबला होता.

माझी जाळी मात्र वेगळंच सांगत होती. पहिल्याच फेरीत लक्षात आलं, की जिथं जिथं बाबा आनंदानं हाक मारत, तिथं तिथं जाळीत गप्पीशिवाय जवळजवळ काही येत नाही. दांडवन, मळ्या असे इथले लहान मासे नाहीत, झिंगे नाहीत. चांगल्या पाण्यात राहणारे किडे नाहीत. गाळ धुतला की परातीत फक्त लाल अळ्या वळवळायच्या. जिथं श्वास घ्यायला प्राणवायू उरलेला नाही अशा चिखलातही त्या जगतात. गप्पीचंही तसंच. पाणी सडत आलं तरी ते वरच्या थराला तोंड लावून तग धरतात. इतरांची अंडी आणि कोवळी पिल्लं खातात. पाण्यावर तरंगणारी पोयणीची पानं गेली होती, त्यांच्याबरोबर कमळपक्षी गेला होता. काठाला बेशरमाची झाडी माजली होती आणि तिच्या पलीकडे थेट पाण्याला टेकेपर्यंत कपाशी. फवाऱ्याचे पंप त्याच पाण्यात धुतले जायचे, रिकामे डबे तिथंच पडलेले असायचे.

हे सगळं मी बाबांना सांगितलं नाही. दिवसभर उन्हात माझ्याबरोबर फिरून, बांधावर बसून भाकर खाताना ते इतके खूश असायचे, की सांगण्यासारखं काही आहे असंही मला वाटलं नाही. काम एकीकडे, बाबा एकीकडे. असं वर्षभर चाललं.

दुसऱ्या वर्षी पाऊस आधी आलाच नाही. पेरलेलं करपलं, लोकांनी दुसऱ्यांदा सरकी टोचली. तलाव तळाशी गेले होते. मग कपाशीवर अळी पडली, जिकडे तिकडे फवारणी सुरू झाली, आणि ती चालू असतानाच एका दुपारी ढग फुटल्यासारखा पाऊस झाला. दुसऱ्या दिवशी आम्ही बाबांच्या गावच्या तलावाला जायला निघालो. रस्त्यात बाबा म्हणत होते, "बरं झालं, पानी तं आलं."

बांधावर चढण्याआधीच वास आला. पाणी चहाच्या चोथ्यासारखं काळपट झालं होतं आणि काठानं सगळीकडे पांढरी पोटं. मच्छीमार सोसायटीनं सोडलेले रोहू, कटले, आणि त्यांच्या अधूनमधून एखादी मरळ. मरळ हवेतून श्वास घेऊ शकते. तीही मेली होती. कुत्री काठाला फिरत होती. शेजारच्या गावचा एक म्हातारा भोई गुडघाभर पाण्यात उभा राहून मेलेले मासे टोपल्यात भरत होता. खायला नव्हे, पुरायला. मी थर्मामीटर काढलं. बाबा त्याच्याजवळ गेले.

"काय झालं, भाऊ?"

"मरून गेले ना सारे," तो म्हणाला. "काल वरतून काळं काळं पानी आलं. सकाळी पाह्यतो तं हे असं."

"फवाऱ्याचं औषध उतरलं असंल."

"उतरलं असंल. पन आधी तरी काय राह्यलतं यात? माह्या बापाच्या वक्ती टोपलं बुडवलं का दांडवन, मळ्या, झिंगे, भरून यायचे. आता हे पाहा." त्यानं काठाशी बोट दाखवलं. पाण्याच्या वर तोंडं काढून गप्पी जिवंत होते. "हे शेपटीवाले. कोन्या जमान्यात दवाखान्यावाल्यानं आनून टाकलते म्हनते. अंडे खाते हे, पिल्लं खाते. सारा तलाव बुडवला त्या मानसानं. त्याचं काय गेलं? टाकले आन् निंगून गेला सायकलवर."

मी हातातलं काम टाकून त्यांच्याकडे निघाले, पण पोहोचायच्या आत बाबा बोलले होते.

"तो मानूस मीच हाये, भाऊ."

म्हातारा वर बघत राहिला. मग त्यानं टोपलं खाली ठेवलं आणि ओले हात धोतराला पुसले. "नाई नाई, भाऊ, तुमी तं चांगल्यासाठीच केलं असंल. तवा पोट्टे मरून राह्यलते तापानं. मी आपलं असंच बोललो." तो मनापासून म्हणत होता. बाबांनी मान हलवली. पण ते त्याच्याकडे बघत नव्हते, पाण्याकडे बघत होते.

परतताना ते मागे बसलेत की नाही हे मला दोनदा वळून पाहावं लागलं. डोंगरातल्या घाटरस्त्याच्या अलीकडे एका पिंपळाखाली त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. उतरले. पाणी प्यायले नाहीत.

"तुले माहीत होतं?"

मी हो म्हटलं. मग घाईघाईनं सांगायला लागले. बाबा, एका माशानं तलाव मरत नाही. बांधापर्यंत नांगरतात, म्हणून गाळ येतो. फवारणीचं औषध येतं, खत येतं, त्यानं शेवाळ माजतं. पाऊस धड पडत नाही, पाणी पूर्वीपेक्षा जास्त तापतं. वरचे नाले कोरडे पडले, त्यामुळे नवे मासे चढून येत नाहीत. जगभर लोकांनी हेच मासे असेच सोडलेत, तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं...

त्यांनी हात वर केला. "बाकीच्याईचं मले नोको सांगू. मी केलं तेवढं सांग."

मी शिक्षिका होते. इतक्या स्पष्ट विचारलेल्या प्रश्नाला खोटं उत्तर देणं मला जमलं नाही. म्हटलं, "लहान माशांची अंडी खातात. त्यांची संख्या कमी होते."

"बस," ते म्हणाले आणि गाडीवर बसले.

त्यानंतर काही दिवसांनी मी वर्गात असताना आईचा फोन आला. बाबा सकाळच्या एसटीनं गेले होते, सोबत मच्छरदानी. कुठं, ते सांगितलं नव्हतं. मला विचारायची गरज पडली नाही. तास सोडून मी निघाले.

ते तलावात मांडीपर्यंत उतरले होते. मच्छरदानी कापून तिची दोन टोकं काठ्यांना बांधली होती आणि ते ती काठानं ओढत होते. बांधावर कपडे धुणाऱ्या बाया थांबून बघत होत्या. एक जण मला म्हणाली, "सकायपासून हेच करून राह्यले. पुसलं तं बोलत नाई." घाटाच्या पायरीवर एक घमेलं होतं, त्यात गप्पी मासे खळबळत होते. तलावात लाखो होते. मादी महिन्या-महिन्याला पिल्लं घालते. हे मी त्यांना काय सांगणार? लहानपणी त्यांनीच मला ते सांगितलं होतं.

मी म्हटलं, "बाबा, या बाहेर. ते पाणी चांगलं नाहीये."

ते आले. घमेलं उचलून बांधापलीकडे गेले आणि मासे मातीत ओतले. मासे उड्या मारायला लागले. थोडा वेळ बाबा ते बघत उभे राहिले. मग एकदम खाली बसले आणि दोन्ही हातांनी ते गोळा करायला लागले, माती, गवत, मासे सगळं मिळून, परत घमेल्यात. "यायचा काय गुन्हा हाये?" ते म्हणत होते. "यायले कोनं आनलं इथं? यायचा काय गुन्हा?" घमेल्यात पाणी नव्हतं. मी बाटलीतलं ओतलं. जे जगले ते आम्ही पुन्हा तलावातच सोडले. दुसरं काय करणार होतो? बाया कपडे पिळायचं विसरून बघत होत्या. त्यांतली एक रडत होती; का, ते मला ठाऊक नाही. तिच्या घरीही काही घडलं असेल.

बाबांना साखर होती. त्या पाण्यात तासन्‌तास उभं राहून त्यांच्या पायांना आधी खाज सुटली, मग फोड आले, आणि उजव्या पायाचा एक फोड बरा होईना. ते लपवत राहिले. आईनं मोजा काढून पाहिला तेव्हा बोटं काळी पडायला लागली होती. पुसदहून यवतमाळला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "कुठल्या पाण्यात होतात?" बाबा म्हणाले, "गावच्या." पायाची बोटं काढावी लागली. घरी आल्यावर ते चालू शकत होते, काठी घेऊन, पण चालत नव्हते. खिडकीजवळच्या खाटेवर पडून राहायचे. ताटात मासा आला की ताट सरकवायचे. मग आईनं आणणंच बंद केलं. जुन्या नोकरीतले मित्र भेटायला यायचे, साथीच्या, सायकलीच्या गोष्टी काढायचे. बाबा ऐकायचे आणि मध्येच डोळे मिटायचे. त्यांनी आयुष्यात किती तापाची माणसं वाचवली असतील, हे मी एकदा त्यांच्याजवळ बसून बोलून दाखवलं. ते म्हणाले, "ते गोळ्याईनं वाचले." आणि कुशीवर वळले.

उन्हाळ्याच्या फेरीला मी एकटी गेले. बाबांच्या गावचा तलाव कोरडा होता. पूर्वीही कधीकधी आटायचा, पण मधला डोह राहायचा, त्यात सगळ्यांचं बियाणं तगून राहायचं. आता डोहही गाळानं भरून वर आला होता. तिथं ओल्या चिखलाचा एक चट्टा तेवढा उरला होता आणि त्यावर गप्पी मासे वाळून चिकटले होते, हजारोंनी, खरबुजाच्या बिया सांडाव्यात तसे. तबकडी सोडायला पाणी नव्हतं. मी भेगांमधल्या मातीचे नमुने घेतले आणि तलावाच्या मध्यभागी उभी राहून चारी बाजूंना पाहिलं. एक बकरी बेशरमापासून लांब राहून काही खाण्यासारखं शोधत होती. तेवढंच.

घरी आले तेव्हा बाबा जागे होते. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी स्वतःहून विचारलं, "उरले का?"

"नाही, बाबा. पूर्ण आटलाय."

ते उठून बसले. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते ओळखायला मला क्षण लागला. ती आशा होती. "म्हनजे सारे गेले? मंग आता पानी भरलं का आधीचे मासे येतीन परत?"

मी म्हटलं, "कुठून येतील, बाबा? वरच्या नाल्यात नाहीत. आजूबाजूच्या तलावांत नाहीत."

"कुठंच नाई?"

"मी पाहिलेत तेवढ्यांत तरी नाहीत."

ते पुन्हा आडवे झाले. आईनं चहा आणला तो तसाच निवला.

माझं काम संपलं. अहवालात प्रत्येक तलावापुढे एक शेरा लिहायचा होता आणि बहुतेकांपुढे मी 'अतिशय खराब' असं लिहिलं. यवतमाळला बैठक झाली. एका साहेबांनी विचारलं, "मॅडम, पाणी साठतंय ना पण? मग खराब म्हणजे काय?" मी सांगितलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं, वाईट माणूस नव्हता. म्हणाले, "सध्या माणसांचंच इतकं आहे, की हे कुठं घेणार?" आर्णीकडच्या त्या बाईला जे सांगता आलं नव्हतं, ते त्यांनाही सांगता आलं नाही.

त्या पावसाळ्यात पाऊस बरा झाला. तलाव काठोकाठ भरला असं गावाकडून कळलं. आईच्या फार आग्रहावरून बाबा एकदा माझ्याबरोबर यायला तयार झाले. तिला वाटत होतं, भरलेलं पाणी बघून त्यांना बरं वाटेल. मलाही तसंच वाटत असावं.

लांबून तलाव सुंदर दिसत होता. आभाळ त्यात पूर्ण उतरलं होतं. गावातली माणसं खुशीत होती, एक जण हात करून म्हणाला, "यंदा चांगलं भरलं, काका!" बाबांनी हात वर केला. बांधाखाली मी गाडी लावली, पण ते उतरले नाहीत. सीटवरच बसून राहिले, काठी मांडीवर आडवी, तोंड रस्त्याकडे.

सवयीनं बरोबर आणलेली जाळी घेऊन मी एकटी खाली गेले. जाळी फिरवली, वर काढली. पुन्हा फिरवली. पलीकडच्या काठाला जाऊन, सांडव्यापाशी, घाटाच्या पायऱ्यांजवळ. जाळीत गवताच्या काड्या, प्लास्टिकचा तुकडा आणि डासांच्या अळ्या होत्या. पाणी हलत होतं ते फक्त वाऱ्यानं.

मी वर आले. बाबांनी माझ्या हातातल्या ओल्या जाळीकडे पाहिलं आणि म्हणाले, "चाल. आई वाट पाहत असंल." नमुन्याच्या बाटल्या भरायच्या राहिल्या होत्या. मी त्या तशाच रिकाम्या पिशवीत टाकल्या आणि गाडी सुरू केली.